हुद्दा एक, काम दुसरं: खान्देशात पहिली नोकरी धरणाऱ्या पदवीधरांसाठी

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा गावी गेलात की पारावर कोणीतरी विचारतंच, "नोकरी लागनी, पन काम काय शे?" 'लागली' एवढं सगळ्यांना सांगता येतं. काम काय, यावर मात्र नवा पदवीधर अडखळतो, कारण पत्रावर एक लिहिलेलं असतं आणि तो दिवसभर करत असतो दुसरंच.

माझंही तेच झालं होतं. अमळनेरला बी.कॉम. केलं आणि जळगावच्या एमआयडीसीत एका पाइप कारखान्यात लागलो. पत्रावर 'मॅनेजमेंट ट्रेनी'. आईने ते पत्र देवापुढे ठेवलं, हळदकुंकू लावलं. पहिल्या दिवशी मला भुईकाट्यावर बसवलं. गाडी आली की नंबर लिहायचा, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, चलनावर सही. चार महिने हेच. घरी मी 'ट्रेनिंग चालू आहे' असं सांगायचो.

आता बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडे, माणसं घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली समोर येतात आणि त्यांच्या चुका ओळखीच्या वाटतात. म्हणून हे क्रमाने लिहितोय: पत्र हातात आल्यापासून ती नोकरी सोडेपर्यंत.

१. आधी आकडा फोडा

फोनवर सांगितलेला पगार आणि खात्यात आलेला पगार यांत फरक पडला की नोकरीवरचं मन पहिल्याच महिन्यात उडतं. समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, वर्षाला २,४०,००० सांगितलं. महिन्याला २०,००० म्हणून तुम्ही घरी सांगून मोकळे होता. त्यात बेसिक १२,००० धरा. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये तुमच्याकडून कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. पण कंपनीचा हिस्साही बहुतेक वेळा त्या २०,००० मध्येच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, तरतूदही त्यातच. पगार २१,००० च्या आत म्हणून ईएसआयसी, म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा: तुमचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५. शिवाय व्यवसाय कर. महाराष्ट्रात पगार १०,००० च्या वर गेला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत माफ. सगळं वजा जाता हातात साडेपंधरा हजारांच्या आसपास राहतात. बोनसही सीटीसीत कोंबला असेल तर त्याहून कमी.

तेव्हा मुलाखतीतच विचारा: "सर, कटिंग होऊन हातात किती?" लाजायचं कारण नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही हावरट समजत नाही, हिशेबी समजतो.

पीएफ वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो, ईएसआयसी दहा किंवा जास्त. त्यामुळे चार माणसांच्या पेढीत 'पीएफ नाही' म्हणाले तर ती फसवणूकच असते असं नाही. दोनशे माणसांच्या कारखान्यात म्हणाले, तर मात्र उठा आणि निघा.

नियुक्तीपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणं बंधनकारक केलं आहे. तरीही "पत्राचं काय एवढं, उद्यापासून या" हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं. तसं झालं तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाका: ठरल्याप्रमाणे अमुक तारखेपासून, अमुक कामावर, अमुक पगारावर येतो. त्यावर आलेला 'ओके' जपून ठेवा. मूळ गुणपत्रिका किंवा सही केलेला कोरा चेक कोणाच्याही कपाटात ठेवू नका; मूळ कागद दाखवायचा आणि झेरॉक्स द्यायची. आणि "अनामत भरा, लावून देतो" म्हणणाऱ्याचा चहासुद्धा पिऊ नका.

२. हुद्द्याची पाटी उलटून बघा

पदवीधराचा अर्धा हिरमोड इथे होतो, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

आपल्याकडच्या नोकऱ्या कुठे आहेत ते बघा. जळगावात चटई, पाइप, ठिबक, डाळमिल. रावेर-यावलकडे केळीची पॅकहाऊस. शिरपूरला कापड. दोंडाईचा-नंदुरबारला मिरची. कापसाच्या पट्ट्यात जिनिंग. आणि गावोगावी पतसंस्था, फायनान्स कंपन्या, बियाणं-खतवाले, खासगी दवाखाने, शाळा-कॉलेजं. हुद्दे सगळीकडे तेच, इंग्रजी आणि भारदस्त. त्यांचा अर्थ मात्र जागेप्रमाणे बदलतो.

फायनान्स कंपनीतला 'फील्ड ऑफिसर' म्हणजे वसुली. सकाळी सातला गटाची मीटिंग, मग मोटरसायकलवर गावं. अशा नोकरीत पगाराआधी पेट्रोलचं विचारायचं: किलोमीटरला किती, आणि त्याचे पैसे महिन्याने मिळतात की तीन महिन्यांनी. बियाणं कंपनीतल्या 'सेल्स ऑफिसर'ला मे-जूनमध्ये जेवायला वेळ नसतो, हिवाळ्यात मात्र टार्गेटची चिंता सोडून फारसं काही नसतं. पॅकहाऊसमधल्या 'क्वालिटी'ला घड्याळ नसतं. बागेतून माल आला की काम सुरू. फणीतल्या केळ्यांची जाडी मोजा, डागाळलेली बाजूला काढा, बॉक्स भरून कंटेनर निघेपर्यंत उभे राहा. शेठच्या पेढीवरच्या 'अकाउंटंट'कडे टॅली, जीएसटी, ई-वे बिल तर असतंच, वर शेठच्या नातवाची फी भरणं आणि घरच्या गॅसचा नंबर लावणंही असतं. कॉलेजात तासिका तत्त्वावरचा 'असिस्टंट प्रोफेसर' तासाच्या दराने पैसे घेतो आणि मेच्या सुट्टीत त्याच्या हाती काही येत नाही.

कारखान्यातल्या 'ऑफिसर' शब्दाची गंमत वेगळी. कारखान्यात आठवड्याला ४८ तास हा कायद्याचा आकडा आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दराने ओव्हरटाइम. मशीनवरच्या माणसाला तो मिळतो. तुमच्या नावापुढे 'ऑफिसर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' लागलं की अनेक ठिकाणी तो हक्क संपतो. सीझनमध्ये बारा तास थांबलेला ऑपरेटर तुमच्यापेक्षा जास्त पैसे घरी नेतो आणि तुम्ही त्याचा ओव्हरटाइम मस्टरवर चढवत बसता. हुद्द्याची किंमत कोण मोजतंय, ते विचारात घ्या.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पदवीधरांना महिना १०,००० विद्यावेतनावर प्रशिक्षण मिळालं, मूळ मुदत सहा महिन्यांची. अनेकांनी ती नोकरी समजून घेतली आणि मुदत संपल्यावर हात चोळत बसले. प्रशिक्षण, अप्रेंटिसशिप, कंत्राट, प्रोबेशन, कायम हे पाच शब्द वेगवेगळे आहेत. पत्रात यातला कोणता आहे त्याखाली रेघ मारा. कंत्राट असेल तर ठेकेदार कोण, पगार कोणाकडून येणार, हेही त्याच पानावर लिहा.

खरं काम काय आहे हे कंपनीच्या वेबसाइटवर कळत नाही, गेटबाहेरच्या टपरीवर कळतं. पाळी सुटण्याच्या वेळी जा, चहा घ्या, थांबा. आणि मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा: "या जागेवर आधी जे होते ते आता कुठे आहेत?" 'वरच्या जागेवर गेले' हे उत्तर चांगलं. 'पुण्याला गेले' हेही वाईट नाही. 'इथे कोणी टिकत नाही' असं हसून सांगितलं, तर तुम्हीही हसून नमस्कार करा.

३. पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी पक्क्या करा

मला काम कोण सांगणार? ते झालं की नाही हे कोण आणि कशावरून ठरवणार? माझी चूक झाली तर फटका कोणाला बसणार?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण आपल्याकडे बहुतेक कारखाने घरचे. मोठे शेठ काही सांगतात, धाकटे शेठ त्यावर वेगळंच सांगतात, मॅनेजर म्हणतो माझं आधी कर. नवा पोरगा तिघांनाही 'हो' म्हणतो आणि संध्याकाळी तिघांच्याही शिव्या खातो. 'नाही' म्हणायची गरज नाही. एवढं म्हणा: "धाकट्या शेठनी स्टॉक मोजायला सांगितलाय, तो थांबवून तुमचं आधी घेऊ का?" म्हणजे कोणाचं काम आधी, हे तुमच्या डोक्यावर राहत नाही, त्यांच्यात ठरतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कामाला अर्थ येतो. क्यूसीमध्ये (माल तपासणीत) बसून नुसते आकडे भरणाऱ्या मुलीला मी एकदा तक्रारीची फाइल दाखवली. ठिबकची नळी शेतात फुटली, मेमध्ये केळीला चार दिवस पाणी नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने तेच आकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली.

मुलींनी याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी बघाव्यात: शेवटची एसटी किती वाजता आणि सुटायची वेळ किती. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते. तिच्यातल्या सदस्यांची नावं फळ्यावर लावलेली दिसली नाहीत तर विचारा. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. लहान ठिकाणी समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

४. एक वही घाला

आता माझ्या भुईकाट्याची गोष्ट पुरी करतो. तिथे बसून कंटाळा आला तेव्हा मी घरून दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक गाडीची नोंद माझ्यासाठी वेगळी ठेवायला लागलो: चलनावरचं वजन, काट्यावरचं वजन, फरक. कोणी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांनी दिसलं की एका ठिकाणहून येणारा माल दर खेपेला तीस-चाळीस किलो कमी भरतोय. इतका थोडा फरक एका गाडीत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. वही घेऊन शेठकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, काही बोलले नाहीत, वही ठेवून घेतली. पुढच्या सोमवारी मला स्टोअरच्या हिशेबाला बसवलं. पगार तोच. पण त्या दिवशी मी डबा खाताना गाणं म्हणत होतो असं बरोबरचा पोरगा सांगतो.

तर वही घाला. साधी, शाळेची. रोज निघण्याआधी पाच मिनिटं त्या दिवशीची कामं लिहा आणि प्रत्येकापुढे एक खूण करा. 'र' म्हणजे रोजचं, कोणीही केलं असतं. 'शि' म्हणजे यातून नवीन शिकलो. 'ज' म्हणजे जबाबदारी माझी होती, चुकलो असतो तर माझं नाव आलं असतं. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइल काढला की वही राहते बाजूला आणि रील सुरू होतात, हे मी माझ्या पोरांवर बघतोय.

पहिल्या महिन्यात सगळी पानं 'र' ने भरतील. भरू द्या. गोदामात माल कुठे ठेवलाय हे माहीत नसलेल्या माणसाला कोणी स्टॉकची जबाबदारी देत नाही.

५. आप्पांच्या शेजारी उभे राहा

पदवीधर सुपरवायझरची जागा अवघड असते. हाताखालचा ऑपरेटर वीस वर्षं जुना, वयाने वडिलांएवढा, आणि मशीन तुमच्यापेक्षा त्याला शंभरपट जास्त कळतं. आमच्या पाइपच्या लाइनवर एक आप्पा होते, शिक्षण सातवी. पाइपची चकाकी जराशी उतरली की मीटर न बघता ते हीटरकडे वळायचे. नव्या इंजिनिअरने पहिल्याच आठवड्यात त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं, "रीडिंग का लिहिलं नाही?" त्यानंतर आप्पा रीडिंग लिहायला लागले, पण चकाकी उतरली तरी सांगेनात. भंगार वाढलं, ते इंजिनिअरच्या नावावर.

त्यांना 'आप्पा', 'नाना', 'भाऊ' म्हणा, नुसत्या नावाने हाक मारू नका. अहिराणी येत असेल तर बोला. ऑफिसात ती लपवायची सवय आपल्याला उगाच लागली आहे. डबा त्यांच्याबरोबर खा. कळण्याची भाकरी आणि ठेचा वाटून खाल्ला की मशीनबद्दलच्या ज्या गोष्टी मॅन्युअलमध्ये नाहीत त्या आपोआप निघतात. आणि तुमचं काम काय, तर आप्पांना जे हाताने कळतं ते कागदावर आणणं. पदवीचा उपयोग मला तरी इथेच सगळ्यात जास्त दिसला.

६. तीन महिन्यांनी मोजा

समाधानी आहे की नाही, हे रविवारी संध्याकाळी ठरवू नका. सोमवार तोंडावर आलेला असताना कोणालाच नोकरी आवडत नाही. तीन महिने झाले की वही काढा आणि 'र', 'शि', 'ज' मोजा.

मोजण्याआधी एक फरक लक्षात घ्या. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, की कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. वाईट वाटण्याची कारणं निघाली ती पगार, साहेबाची वागणूक, कंपनीचे नियम, कामाची जागा. बरं वाटण्याची कारणं मात्र वेगळ्याच यादीत होती: काहीतरी पार पाडलं, त्याची दखल घेतली गेली, काम स्वतःच चांगलं होतं, जबाबदारी मिळाली. त्याचं म्हणणं असं की पहिली यादी सुधारली तर तक्रार मिटते, पण तेवढ्याने समाधान येत नाही. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि पगाराला त्याने जरा कमीच लेखलं असं माझंही मत आहे. साडेपंधरा हजारांत घर चालवून दाखवा म्हणावं. तरी भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ते ताडून बघता येतं. पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४५ ला टेकला की कूलर हवाच, नसेल तर डोकं फिरतं. कूलर आला की डोकं शांत होतं. पण 'आज कूलर चांगला होता' म्हणून कोणी घरी उड्या मारत जात नाही.

म्हणून दोन पानं करा. एकावर कूलरच्या तक्रारी: पगार उशिरा, पिण्याचं पाणी, सुट्ट्या, साहेबाची भाषा. दुसऱ्यावर वहीतली 'शि' आणि 'ज' ची बेरीज. पहिलं पान भरलेलं आणि दुसरं वाढतंय, तर भांडून सुधारता येईल अशी ती नोकरी आहे. पहिलं पान कोरं पण दुसरंही कोरं, म्हणजे सगळं सुखाचं पण शिकणं शून्य, ही जास्त फसवी. पाच वर्षं अशीच जातात आणि मग मुलाखतीत 'काय करत होता?' यावर सांगायला काही नसतं.

७. मागायचं तर पान दाखवून मागा

"सर, मला चांगलं काम द्या" असं म्हटलं की साहेबाला 'याला कंटाळा आलाय' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी एकच नेमकं काम मागा. "डिस्पॅचचा रोजचा रिपोर्ट मी करून देतो, महिनाभर तुम्ही तपासा." महिनाअखेर किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखांना मागायला जाऊ नका, मंगळवार-बुधवारी दुपारी जा. पगारवाढ मागताना शेजारच्याचा पगार काढू नका. कोणतं काम आता तुमच्या नावावर आहे जे जॉइनिंगला नव्हतं, तेवढं वहीतून वाचून दाखवा.

८. राहायचं की निघायचं

सहा महिने मागूनही पानं 'र' नेच भरत असतील, तर दुसरीकडे बघायला लागा. पगार सलग दोन महिने अडकला, किंवा कापलेला पीएफ खात्यात भरलाच जात नाही असं पासबुकात दिसलं, तर सहा महिनेही थांबू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, घेऊन पासबुक दर महिन्याला बघायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

पुणे की जळगाव, नंदुरबार की सुरत, हा प्रश्न भावनेचा आहे आणि हिशेबाचाही. हिशेबाचा भाग कागदावर करा. पुण्याचे हातात येणारे २२,००० आणि घरी राहून हातात येणारे साडेपंधरा. खोली, मेस, बस, महिन्यातून एकदा गावी येणं हे वजा करून शिल्लक बघा. पुष्कळदा ती सारखीच निघते. मग वहीचा प्रश्न उरतो: 'शि' आणि 'ज' कुठे जास्त? पुण्याकडे भोसरी-चाकणला काम विभागलेलं असतं, तुम्ही एकच तुकडा खोलवर शिकता. इथल्या लहान कारखान्यात खरेदी, स्टोअर, डिस्पॅच, बँक सगळं अंगावर पडतं. पहिल्या दोन वर्षांसाठी मी दुसरं घेईन. पुढे मोठ्या शहरात जायचं असेल तर बरोबर न्यायला काहीतरी असतं.

भुसावळच्या घरांमध्ये आणखी एक अडचण असते. वडील रेल्वेत, काका ऑर्डनन्स फॅक्टरीत, शेजारी दीपनगरच्या वीज केंद्रात. त्यांच्यासाठी नोकरी म्हणजे ती. बाकी सगळं 'तोपर्यंतचं'. एमपीएससी करता करता खासगी नोकरी धरलेल्यांचंही तसंच. तयारी जरूर करा, पण किती वर्षं ते वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा. तारखेशिवाय 'तोपर्यंत' लांबत जातं आणि दोन्हीकडचं काम कच्चं राहतं.

९. निघताना

नोटिशीचा काळ पत्रात बघा आणि तो पुरा करा. राजीनामा ईमेलने द्या, तोंडी नाही. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेतल्याशिवाय गेटपास जमा करू नका. पीएफ काढू नका. यूएएन तोच राहतो, नव्या ठिकाणी रक्कम वर्ग करून घ्या आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली की नाही ते तपासा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, चार-सव्वाचार झाली असतील तर घाई करताना एकदा हिशेब बघा.

वहीतले भाव, गिऱ्हाईकांचे नंबर, कंपनीचे आकडे तिथेच ठेवा. आपल्या खुणांची पानं तेवढी फाडून न्या. आणि आप्पांना आधी सांगा. तुमच्या जाण्याची बातमी गेटवर चहाच्या वेळेपर्यंत पोचतेच, त्यांना ती तुमच्या तोंडून कळू द्या.